बॅलेची लय, पट्टी आणि भाव : ध्वनिमुद्रणात नेमके काय उतरते?

चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’मधला कुठलाही तुकडा आज संगणकीय यादीत शोधला, की त्याच्या नावापुढे तीन नोंदी दिसतात : मिनिटाला किती ठोके, स्केल कोणती आणि भाव कोणता. नाच शिकवणारे, चित्रफितीला संगीत लावणारे आणि नुसतेच ऐकणारेही या नोंदींवर विसंबून निवड करतात. पॉप गाण्याच्या बाबतीत त्या बऱ्यापैकी खऱ्याही ठरतात. एकच ठेका, एकच स्केल आणि तीन-चार मिनिटे टिकणारी एकच मनःस्थिती असली, की तीन शब्दांत ओळख होऊ शकते. बॅलेसाठी लिहिलेल्या संगीताचे तसे नाही. त्यातली लय नर्तकाच्या शरीराशी बांधलेली असते, स्केल अख्ख्या नाटकाच्या आराखड्याशी, आणि भाव रंगमंचावर काय घडते आहे त्याच्याशी. ध्वनिमुद्रणात या तिन्हींपैकी किती शिल्लक राहते, हा या लेखाचा प्रश्न. चर्चा मुख्यतः चायकोव्हस्कीच्या तीन बॅलेंपुरती ठेवली आहे : ‘स्वान लेक’ (मॉस्को, १८७७), ‘स्लीपिंग ब्यूटी’ (सेंट पीटर्सबर्ग, १८९०) आणि ‘नटक्रॅकर’ (सेंट पीटर्सबर्ग, १८९२). सर्वाधिक ध्वनिमुद्रित झालेले बॅले-संगीत हेच, आणि प्रश्नाच्या सगळ्या बाजू यात सापडतात.

लयीपासून सुरुवात करू, कारण बॅलेत ती बरेचदा संगीतकाराच्याही आधी ठरलेली असते. ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी नृत्यरचनाकार मारियस पेतिपा याने चायकोव्हस्कीला प्रसंगागणिक लेखी सूचना दिल्या होत्या. इथे दोन मात्रांचे संगीत, इथे तीन मात्रांचा वॉल्ट्झ, इथे अमुक इतकी आवर्तने, इथे अचानक थांबा, अशा त्या सूचना. राजकन्या अरोराच्या बोटाला चाती टोचते त्या प्रसंगाचा नकाशा असा मात्रा-मात्रांनी आखलेला होता. एखाद्या संगीतकाराला हा जाच वाटला असता. चायकोव्हस्कीने त्यातून आपल्या उत्तम संगीतांपैकी एक काम उभे केले. ही पार्श्वभूमी कळली, की बॅलेतली गती ही कंडक्टरच्या लहरीची बाब नाही हे पटते. ती एका कराराचा भाग आहे, आणि करारातला दुसरा पक्ष नर्तक आहे.

तो नर्तक गुरुत्वाकर्षणाने बांधलेला असतो. साधा हिशेब करून पाहावा. शरीर ३० सेंटिमीटर वर उचलले गेले, तर उडी मारल्यापासून पाय पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. ५० सेंटिमीटर उचलले, तर जवळजवळ ०.६४ सेकंद. मिनिटाला ६० आवर्तनांच्या वॉल्ट्झमध्ये एक आवर्तन बरोबर एका सेकंदाचे. त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ उंच उडीतच संपतो आणि उरलेल्यात पुढच्या उडीची तयारी करायची असते. गती थोडी वाढवली की उडीची उंची कमी करण्यावाचून नर्तकाला गत्यंतर नसते. पुरुष नर्तकाच्या एकल नृत्याला कंडक्टर अनेकदा वॉल्ट्झ जड करतो, त्याचे कारण हे आहे. संथ नृत्याची अडचण याच्या उलट. एका पायाच्या अंगठ्यावर तोल सांभाळत दुसरा पाय हळूहळू वर न्यायचा, तर गती फार रेंगाळून चालत नाही, कारण तोल किती वेळ टिकेल यालाही मर्यादा आहे. तरीही ‘स्वान लेक’च्या दुसऱ्या अंकातले व्हायोलिन आणि सेलोचे ते प्रसिद्ध युगुलनृत्य गेल्या काही पिढ्यांत रंगमंचावर संथ होत गेले आहे. पाय अधिक उंच नेण्याची, रेषा अधिक वेळ धरून ठेवण्याची आवड वाढली आणि संगीताला तिच्यामागे जावे लागले. चायकोव्हस्कीने वर ‘आंदान्ते नॉन त्रोप्पो’ लिहिले आहे, म्हणजे चालीची गती, आणि तीही बेताची. नॉन त्रोप्पोकडे दुर्लक्ष झाले की व्हायोलिनचे वाक्य मधेच तुटते. माझ्या मते हे नुकसान मोठे आहे, कारण ती धून गाण्यासारखी आहे आणि गाण्याला श्वास पुरावा लागतो.

ध्वनिमुद्रणांत यावरून दोन घराणी पडलेली दिसतात. एक रंगमंचावर तयार झालेल्या कंडक्टरांचे. अर्नेस्ट आन्सेर्मे दियागिलेव्हच्या बॅले रूसबरोबर वाढला. अंताल डोराती १९३० च्या दशकात बॅले रूस द मॉन्ते कार्लोसाठी आणि पुढे अमेरिकेत बॅले थिएटरसाठी उभा राहिला. गेन्नादी रोझदेस्त्वेन्स्कीने विशीत बॉल्शॉय थिएटरमध्ये पहिली कामगिरी केली ती चायकोव्हस्कीच्या बॅलेचीच. दुसरे घराणे मैफिलीच्या वाद्यवृंदांचे. आंद्रे प्रेव्हिनने १९७० च्या दशकात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर तिन्ही बॅले मुद्रित केले, सायमन रॅटलने पुढे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ‘नटक्रॅकर’. पहिल्या घराण्याची वाद्ये पायावर चालतात, म्हणजे प्रत्येक आवर्तनाचा पहिला ठोका नेमका कुठे पडतो हे ऐकणाऱ्याला शंकेविना कळते. दुसऱ्यांकडे नादाची श्रीमंती असते, दोन वाद्यांमधला सूक्ष्म संवाद ऐकू येतो, पण नाचणाऱ्याने पाय कुठे ठेवावा हे नेहमी कळतेच असे नाही. अर्थात ही विभागणी काटेकोर मानू नये. डोराती मैफिलीच्या सभागृहात रंगमंचापेक्षा कितीतरी वेगाने पळतो, कारण समोर दमणारे कुणी नाही. डोरातीने मिनियापोलिस सिम्फनीबरोबर १९५३ ते १९५५ या काळात तिन्ही बॅले ओळीने मुद्रित केले, आणि ‘नटक्रॅकर’चे संपूर्ण मुद्रण सर्वप्रथम केले ते त्यानेच. एवढी वर्षे लोटली तरी ही मालिका जुनी वाटत नाही, ती या नेमक्या पहिल्या ठोक्यामुळे.

आता मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा. वॉल्ट्झमध्ये नर्तक एक आवर्तन म्हणजे ‘एक’ असे मोजतो आणि आठपर्यंत जातो. संगणक मात्र त्याच आवर्तनातल्या तीन मात्रा तीन ठोके म्हणून मोजू शकतो. मिनिटाला ६० आवर्तनांच्या वॉल्ट्झला म्हणून कधी ६० तर कधी १८० असा आकडा चिकटतो, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. वाचणाऱ्याला मात्र एक तुकडा संथ आणि दुसरा भन्नाट वेगाचा वाटतो. ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या सहा मात्रांच्या ‘रोझ अडाजिओ’मध्येही तोच घोटाळा : दोन ठोके मोजायचे की सहा? त्याहून मोठी अडचण अशी, की एकाच तुकड्यात गती बदलत जाते. ‘वॉल्ट्झ ऑफ द फ्लॉवर्स’च्या आधी हार्पचे लांबलचक मोकळे आलाप आहेत, त्यांना ठोका असा नाहीच. ‘शुगर प्लम फेअरी’चे नृत्य मूळ बॅलेत अखेरीस अतिद्रुत होते. मैफिलीसाठी केलेल्या ‘नटक्रॅकर सूट’मध्ये मात्र ही द्रुत अखेर नाही, तो तुकडा हळूच थांबतो. एकाच नावाची ही दोन मुद्रणे लयीच्या दृष्टीने वेगळी आहेत आणि नोंदीतल्या आकड्यातून ते कधीही कळत नाही.

मुद्रणाच्या माध्यमानेही लयीवर हुकूम गाजवला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून जास्त मावत नसे, त्यामुळे तुकडे कापले गेले किंवा आवरून घेतले गेले. दीर्घ वादनाच्या तबकड्या आल्या तेव्हा कुठे संपूर्ण बॅले घरी ऐकणे शक्य झाले. पुढे सीडीच्या जमान्यात व्हालेरी गेर्गीएव्हने किरॉव्ह वाद्यवृंदाबरोबर १९९८ मध्ये केलेला संपूर्ण ‘नटक्रॅकर’ सुमारे ८१ मिनिटांत, एकाच तबकडीवर बसला. हे मुद्रण थरारक आहे आणि काही नृत्ये त्या गतीने नाचणे कठीण आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

स्केलचा प्रश्न लयीपेक्षा खोल आहे, आणि आपल्याकडे त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हिंदुस्थानी संगीतात पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरते. काळी एक घेतली काय किंवा पांढरी चार घेतली काय, यमन यमनच राहतो. त्यामुळे ‘बी मायनर’ हे शब्द वाचताना मराठी श्रोत्याला ती केवळ सोयीची बाब वाटण्याची शक्यता असते. चायकोव्हस्कीकडे स्केल ही पात्राची जागा आहे. ‘स्वान लेक’ची ओबोवरची ती विख्यात हंसधून, दुसऱ्या अंकाच्या आरंभी येणारी, बी मायनरमध्ये आहे. दुसरा अंक संपताना ती त्याच स्केलमध्ये परत येते. मधल्या काळात संगीत दूर जाते : हंसांचा वॉल्ट्झ ए मेजरमध्ये, चार छोट्या हंसांचे नृत्य एफ शार्प मायनरमध्ये आणि राजपुत्र व शापित हंसकन्या ओडेट यांचे युगुलनृत्य जी फ्लॅट मेजरमध्ये. बी मायनरच्या घरापासून जी फ्लॅट मेजरपर्यंतचा हा प्रवास कान नाव न घेताही ओळखतात. प्रेमाचा प्रसंग जणू वेगळ्याच भूमीवर घडतो, आणि मग शापाची स्केल पुन्हा येऊन सगळे आवरून घेते. चौथ्या अंकाच्या शेवटी हीच धून वादळातून बाहेर पडून बी मेजरमध्ये उसळते. या शेवटाचा परिणाम होण्यासाठी श्रोत्याने त्याआधीचे बी मायनर ऐकलेले असावे लागते. निवडक तुकड्यांच्या संग्रहात शेवट तोच असतो, वाद्ये तीच असतात, पण तो विजय कुणावर मिळवला ते कळत नाही.

‘स्लीपिंग ब्यूटी’च्या प्रस्तावनेत तर नाटकाचा सारा संघर्ष एका स्वरावर उभा आहे. दुष्ट काराबॉसची धून ई मायनरमध्ये, रक्षणकर्त्या लायलॅक परीची ई मेजरमध्ये. षड्ज तोच, फक्त मायनरचे मेजर झाले. शाप आणि त्याचा उतारा एकाच घरातून आले आहेत हे चायकोव्हस्की पहिल्या काही मिनिटांत सांगतो. आणि सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे लग्नाच्या जल्लोषाने संपणाऱ्या या परीकथेचा शेवट जी मायनरमध्ये आहे. जुन्या फ्रेंच राजगीताची धून भव्य, गंभीर पावलांनी येते आणि पडदा मायनरमध्ये पडतो. आनंदाच्या प्रसंगाला इतका भारदस्त, किंचित काळवंडलेला शेवट का दिला असेल, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली आहे. मला तो त्या बॅलेचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

पण आपण ऐकतो ते मुद्रण चायकोव्हस्कीच्याच क्रमाने आहे का, हे आधी पाहावे लागते. १८९३ मध्ये तो वारला. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी ‘स्वान लेक’ नव्याने बसवला, तेव्हा कंडक्टर रिकार्दो द्रिगोने संगीताची फेरमांडणी केली. त्याने काही भाग गाळले, चायकोव्हस्कीच्या पियानोसाठीच्या तीन रचना वाद्यवृंदासाठी बांधून आत घातल्या, आणि पहिल्या अंकातले एक युगुलनृत्य उचलून तिसऱ्या अंकात नेले. आज जगभर ‘ब्लॅक स्वान’ म्हणून ओळखले जाते ते हेच. त्या फेरफाराने स्केलचा मूळ आराखडा विस्कटला. दुसऱ्या अंकातल्या युगुलनृत्याच्या शेवटी मूळ संगीतात एक द्रुत भाग होता, तोही रंगमंचावर गळून पडला आणि नृत्य संथपणातच विरू लागले. द्रिगोने संगीत बिघडवले असे मी म्हणणार नाही. रंगमंचावर हा बॅले जगला त्यात १८९५ च्या त्या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. मात्र डोरातीचे १९५४ चे मुद्रण १८७७ च्या मूळ संगीताला धरून आहे आणि गेर्गीएव्हचे मारिन्स्कीचे मुद्रण रंगमंचाच्या परंपरेला, हे ठाऊक नसेल तर दोघांची तुलना करणे व्यर्थ आहे.

यंत्राने काढलेल्या स्केलवर कितपत विसंबावे? बहुतेक पद्धतींच्या मुळाशी कॅरल क्रमहान्झल आणि एडवर्ड केस्लर यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना आहे. एखाद्या स्केलमध्ये बारा स्वरांपैकी कोणता किती मुरलेला वाटतो, हे त्यांनी श्रोत्यांकडून जोखून घेतले. संगणक तुकड्यातल्या स्वरांचे प्रमाण त्या साच्यांशी ताडून पाहतो. बी मायनर आणि डी मेजर यांचे मूळ स्वर सारखेच असल्यामुळे त्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. युगुलनृत्यासारख्या लांब तुकड्यात संगीत चार स्केलांतून फिरून येते, त्याला एकच नाव देणे हे तर मुळातच अपुरे. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तबकडी सहा टक्के जास्त वेगाने फिरली, की आवाज जवळपास एका अर्धस्वराने चढतो : बी मायनरचा सी मायनर होतो आणि दहा मिनिटांचा तुकडा साडेनऊ मिनिटांच्याही आत संपतो. घसरलेल्या पट्ट्याच्या टेपरेकॉर्डरवर ज्यांनी कॅसेट ऐकल्या त्यांना याच्या उलट, स्वर उतरण्याचा अनुभव आहे. खुद्द वाद्यवृंदही एकाच स्वरावर लावलेले नसतात. ४४० हर्ट्झचा ‘ए’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण असले, तरी युरोपातले अनेक वाद्यवृंद ४४२ किंवा ४४३ वर लावतात. हा फरक पाव स्वराहूनही पुष्कळ कमी आहे, पण दोन मुद्रणे लागोपाठ ऐकताना एक अधिक लखलखीत वाटण्यामागे तोही असू शकतो.

भाव ही तिसरी नोंद सर्वांत निसरडी. इथे यंत्रे सहसा दोन अक्ष वापरतात, एक सुखद-दुःखद असा आणि दुसरा शांत-उत्तेजित असा. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या भावनांच्या वर्तुळातून ते आले. मायनर म्हणजे दुःखद, मेजर म्हणजे सुखद, ही सवयही त्यात डोकावते. चायकोव्हस्कीने ती सवय पदोपदी मोडली आहे. ‘शुगर प्लम फेअरी’ ई मायनरमध्ये आहे आणि त्यात दुःखाचा लवलेश नाही. सेलेस्टा हे वाद्य त्याने १८९१ मध्ये पॅरिसमध्ये ऐकले आणि ते आणवताना आपल्या प्रकाशकाला बजावले, की रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांना याचा सुगावा लागू देऊ नका. पेतिपाला कारंज्याच्या थेंबांसारखा नाद हवा होता, तो या वाद्याने दिला. चार छोट्या हंसांचे नृत्यही मायनरमध्येच आहे आणि बासूनच्या टुणटुणत्या ठेक्यावर ते हसतखेळत जाते. उलट ‘नटक्रॅकर’मधले शेवटचे मोठे युगुलनृत्य जी मेजरमध्ये आहे. त्याची धून म्हणजे वरून खाली येणारी सरळ स्केल, सात स्वरांची उतरण. या मेजरमध्ये जी व्याकुळता भरली आहे ती त्या बॅलेतल्या कुठल्याही मायनर तुकड्यात नाही. रचनेच्या काळातच, १८९१ मध्ये, चायकोव्हस्कीची बहीण अलेक्सांद्रा वारली होती. संगीताचा थेट संबंध त्याच्याशी जोडावा असा माझा आग्रह नाही, पण ती उतरण ऐकून कुणी ‘उत्साही, सुखद’ अशी नोंद करील तर ती मी स्वीकारणार नाही.

‘ब्लॅक स्वान’चे उदाहरण याहून बोलके आहे. कपटी ओडीलचे मोहक, धोकादायक नृत्य म्हणून आपण जे ऐकतो, ते चायकोव्हस्कीने पहिल्या अंकातल्या वाढदिवसाच्या समारंभासाठी लिहिले होते. स्वर तेच, वाद्ये तीच, प्रसंग बदलला आणि भाव पालटला. १८९५ च्या प्रयोगात नर्तिका पिएरिना लेन्यानीच्या ३२ गिरक्यांनी त्या प्रसंगाला जी धार आणली, ती संगीताच्या कागदावर कुठेच नाही. मुद्रणाला भाव जोडताना रंगमंच वगळता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

विसाव्या शतकातल्या बॅलेंकडे धावती नजर टाकली तरी पुरे. स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रूश्का’त (१९११) सी मेजर आणि एफ शार्प मेजर एकाच वेळी वाजतात. ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या (१९१३) शेवटच्या नृत्यात मात्रांची संख्या जवळपास दर आवर्तनाला बदलते. तिथे एक स्केल आणि एक ठोका शोधणे निरर्थक ठरते. स्ट्राविन्स्कीने हे संगीत स्वतः तीनदा मुद्रित केले, १९२९, १९४० आणि १९६० मध्ये, आणि तिन्ही वेळा गती सारखी नाही. संगीतकार स्वतःच इतका बदलतो, तर एका आकड्याला अंतिम सत्य मानण्याचे कारण नाही.

या नोंदी पूर्णपणे टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. बॅलेच्या वर्गात त्यांचा खरा उपयोग आहे. जिथे पियानोवादक नाही, आणि मुंबई-पुण्यातल्या कित्येक वर्गांत तो नसतो, तिथे शिक्षकाला मुद्रित संगीतावर काम करावे लागते. गुडघे वाकवण्याच्या संथ व्यायामाला एक गती, पायाच्या झटपट हालचालींना दुसरी, मोठ्या उड्यांना रुंद वॉल्ट्झ. अशा वर्गासाठी मुद्दाम केलेली मुद्रणे आठ-आठच्या हिशेबात, आधी छोटी पूर्वतयारी देऊन बांधलेली असतात. त्यांच्यावर मात्रा आणि गती लिहिलेली असणे गरजेचेच आहे. हल्ली स्वर न बदलता गती कमी-जास्त करणारी साधनेही आहेत. ती जपून वापरावीत. दहा टक्के ताणल्यावर व्हायोलिनचा आघात ओघळतो आणि मुलांच्या पायांनाही तोच आळस लागतो. विद्यार्थ्याला झेपेल अशा गतीचे दुसरे मुद्रण शोधणे केव्हाही चांगले.

ऐकणाऱ्यांसाठी मात्र मुद्रणावर वेगळी माहिती हवी : संगीत १८७७ चे की १८९५ चे, संपूर्ण की सूट, कोणत्या अंकातला कितवा भाग, कंडक्टर रंगमंचावरचा की मैफिलीचा. या चार गोष्टी मुद्रकांनी द्याव्यात आणि श्रोत्यांनी मागाव्यात. ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे, त्यांनी ‘स्वान लेक’चा दुसरा अंक सलग ऐकावा, आधी डोरातीचा आणि मग गेर्गीएव्हचा. तिन्ही बॅलेंपैकी स्केलची योजना सर्वांत स्वच्छ ऐकू येते ती तिथेच, म्हणून सुरुवात तिथून करावी, आणि ती निवडक तुकड्यांच्या संग्रहापासून न करता संपूर्ण मुद्रणापासून करावी.